पिल्लाचे पाय वाकलेत, कॅल्शियम वाढवू का?

परभणी: साडेतीन महिन्यांचं जर्मन शेफर्ड, वजन १३ किलो. ज्वारीची भाकरी-दूध, दोन अंडी आणि कॅल्शियमचं टॉनिक चालू आहे. पुढचे पाय वाकल्यासारखे दिसतात. टॉनिक वाढवू का?

लातूर: अजिबात नको. कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात आणि जास्त झालं तरी हाडांची वाढ बिघडते, म्हणून आधी डॉक्टरांकडून एक्स-रे काढा. एवढ्या लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, बरंचसं अंगात जातं. कोवळ्या उन्हात बसवूनही भागत नाही. कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. 'लार्ज ब्रीड पपी' म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य घ्या. पाकिटावर कॅल्शियम १ ते १.५ टक्क्यापर्यंत असावं, फॉस्फरसच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. ते सुरू केलं की टॉनिक बंद. बदल मात्र ७-८ दिवसांत करा: आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. शी पातळ झाली तर दोन दिवस तिथंच थांबा.

परभणी: किती द्यायचं? मटणाची नळी चालते का?

नांदेड: वाटीनं नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजा आणि दिवसाचं तीन वेळात वाटा. बरगड्यांवरून हात फिरवा: सहज लागल्या पाहिजेत. चरबीखाली दडल्या तर दहा टक्के कमी करा. गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं, पण भार कोवळ्या सांध्यांवर येतो. भाकरी चतकोरच. शिजलेली नळी नकोच, तुकडे आतड्यात रुततात. कांदा-लसणाचा रस्साही नको, रक्त कमी होतं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत खाऊ घाला.