प्रवासात कुणाला चक्कर आली तर? तुमचे अनुभव सांगा

सकाळचा लेडीज डबा. चतुर्थीचा उपास आणि डोंबिवलीपासून उभी असलेली एक मुलगी माझ्यासमोर पांढरीफटक पडली. गर्दी इतकी की ती खाली कोसळलीसुद्धा नाही. बायकांनी तिला तसंच उभं धरून ठेवलं आणि "अगं, पाणी पाजा!" सुरू झालं. एका मावशींनी मात्र सगळी सीट रिकामी करवली, तिला आडवं केलं, तिचे पाय खिडकीच्या कडेवर टेकवले. मिनिटभरात तिने डोळे उघडले. तुमच्यासमोर असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?

---

सासऱ्यांचं सांगते. नागपूर-पुणे रात्रीची बस ढाब्यावर थांबली. बाबा झोपेतून उठून तडक लघवीला गेले आणि तिथंच कोसळले. सगळे म्हणत होते खुर्चीत बसवा. नवऱ्याने जमिनीवरच निजवून पाय बॅगेवर ठेवले. डॉक्टरांनी नंतर समजावलं: एकदम उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, लघवी करताना रक्तदाब आणखी घसरतो, त्यात प्रोस्टेटची गोळी चालू. आता बस थांबली की बाबा दोन मिनिटं पाय खाली सोडून बसतात, मग उतरतात. बसून लघवी करा, हे काही त्यांना अजून पटलेलं नाही.

---

मी नर्स आहे, त्यामुळे जरा लांबण लावते. नुसत्या चक्करेतही काही सेकंद हातपाय झटके देऊ शकतात. लगेच "फिट आली" म्हणून कांदा, चप्पल, किल्ल्या बाहेर निघतात. खरोखर फिट असली तरी यातलं काहीही नको. आडवं करा, पाय फूटभर वर घ्या, गळ्याजवळचं बटण आणि पट्टा सैल करा, बघ्यांना हटवा. आणि श्वास बघा, दहा सेकंद पुरतात. श्वास नीट आहे पण मिनिटभरात शुद्ध येत नाही, तर कुशीवर वळवून ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावा. श्वास नसेल किंवा श्वासाचे नुसते अधूनमधून आचके असतील तर 108 लावायला दुसऱ्याला सांगा आणि पाय वगैरे विसरा. छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटीमीटर खोल. आणखी एक. छातीत दुखून किंवा धडधडून पडलेला माणूस उठून "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याचं ऐकू नका, दवाखान्यात न्या.

---

मग पाणी कधी द्यायचं, ताई?

---

ग्लास स्वतःच्या हाताने नीट धरता आला की.

---

एसटीत, कराडच्या पुढे. शेजारचे काका घामाघूम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. पिशवीत इन्सुलिन दिसलं, म्हणजे रक्तातली साखर उतरली असणार. कंडक्टरने टपरीपाशी गाडी थांबवली, चहावाल्याकडची तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत काका तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडायला मोकळे! शुद्धीवर होते म्हणून पाजलं, नाहीतर तोंडात काहीच घातलं नसतं.

---

लोकलमध्ये साखळी ओढावी का?

---

दोन स्टेशनांच्या मध्ये ओढलीत तर गाडी रुळांवरच अडकते, मदत यायची कुठून? पुढचं स्टेशन काही मिनिटांवर असतं. तोवर रेल्वेची हेल्पलाइन 139 लावा किंवा डब्यातल्या कुणाला लावायला सांगा, आणि स्टेशन आलं की दोघांनी आधी उतरून स्टेशन मास्तरांना गाठा.