मदत हवी आहे: चौकशी आयोगापुढे वकील देता येतो का?

मुक्ताई: वडिलांना चौकशी आयोगाचे समन्स आले आहे. पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र घेऊन हजर राहायचे आहे. ओळखीचे एक वकील म्हणतात की ते न्यायालय नव्हे, तेथे वकीलपत्र चालत नाही. हे खरे आहे का? कृपया लवकर सांगावे.

शिरस्तेदार: आयोग 1952 च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेला आहे, की ही दंडाधिकाऱ्यांची चौकशी आहे? वडील केवळ साक्षीदार आहेत, की त्यांच्याच वर्तनाची चौकशी आहे?

भीमथडी: वकील नेऊच नये, उगाच संशय येतो. आमच्या काकांनी एका आयोगापुढे पाहिले ते सरळ सांगितले आणि विषय मिटला. कलम 6 नुसार तेथे दिलेले उत्तर पुढे दिवाणी वा फौजदारी कारवाईत आपल्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा.

शिरस्तेदार: ते संरक्षण जबाबापुरते आहे. अहवालात ठपका आला, तर गावातली पत कोणते कलम राखणार?

कोकणकडा: अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. कलम 3 प्रमाणे तो कारवाईच्या निवेदनासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो.

मुक्ताई: अहवाल अजून आलेलाच नाही. आयोग 1952 च्या अधिनियमाखालीच आहे. वडील निवृत्त तलाठी आहेत. दुर्घटनेच्या पंचनाम्यावर त्यांची सही आहे आणि तो मागाहून लिहिला, असा आरोप एका साक्षीदाराने प्रतिज्ञापत्रात केला आहे. समन्सवर त्या अधिनियमाच्या कलम 8-बीचा उल्लेख नाही.

शिरस्तेदार: हा आरोपच कळीचा मुद्दा आहे. ज्याच्या वर्तनाची चौकशी आयोगाला आवश्यक वाटते किंवा ज्याच्या प्रतिष्ठेला चौकशीमुळे बाधा येण्याचा संभव आहे, त्याला म्हणणे मांडण्याची व बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी देणे 8-बीने बंधनकारक आहे. आणि अशा व्यक्तीला वकील देण्याचा व उलटतपासणीचा हक्क 8-सीने दिला आहे. निव्वळ साक्षीदाराला मात्र आयोगाची परवानगी लागते. समन्सवर कलम लिहिले नाही म्हणून हक्क जात नाही. दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयातील वकिलांवरील लाठीमाराच्या प्रकरणात वाधवा चौकशी समितीपुढे पोलीस अधिकारी किरण बेदी यांना 8-बी लागू होते का, हाच वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या 8-बीखाली येतात असे ठरवले.

भीमथडी: त्या मोठ्या अधिकारी होत्या. तलाठ्याचे कोण ऐकणार?

शिरस्तेदार: कलमात हुद्दा लिहिलेला नाही. मुक्ताई, आयोगाच्या सचिवांकडे आजच अर्ज द्या. त्यात आरोपाचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवा, 8-बीखाली संधी व 8-सीखाली वकील मागा, आणि तसे न मानल्यास साक्षीदार म्हणून वकिलाची परवानगी द्यावी, असेही लिहा. प्रतिज्ञापत्रासाठी मुदत त्याच अर्जात मागा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.