मदत हवी आहे : शेजाऱ्यांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) सोडलेला करंट कसा थांबवावा?

नमस्कार. आमचे शेत जंगलाला लागून आहे आणि रानडुकरे व रोही (नीलगाई) घाट्यावर आलेला हरभरा एका रात्रीत तुडवतात, म्हणून जागलीला कंटाळलेल्या शेजारच्या काकांनी धुऱ्यावर बारीक तार ताणून तिच्यात थेट 230 व्होल्टचा प्रवाह सोडला आहे. परवा तिला चिकटून एक डुकरीण मेली. खुरांनी माती वीतभर उकरली गेली होती. पोळ्याला बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकणारे हेच काका "त्याले माह्या पिकाची दया येते का?" असे विचारतात, आणि भरपाईची रखडपट्टी पाहता मी निरुत्तर होतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक घालणे शेजारधर्माला धरून वाटत नाही. त्याऐवजी कुंपणाच्या तारेला जोडायच्या सौर झटका मशीनचा प्रवाह क्षणिक ठोक्यांनी येत असल्याने जनावर सहसा मरत नाही, दचकून परतते. लागून असलेल्या दोन शेतांना एकच मशीन पुरते का, डुकरांसाठी खालची तार किती उंचीवर असावी आणि पावसाळ्यात तारेला गवत टेकून झटका कमी होऊ नये म्हणून काय करता, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. तोवर काकांची समजूत कशी घालावी, हेही सुचवावे. त्याच धुऱ्याने पहाटे बाया कापूस वेचायला जातात.