पुरुषाच्या रक्तातील इस्ट्रोजेन गोळी घेऊन कमी करावे का?

प्रश्न:
माझे वय 43 आहे. वर्षभरात पोटाचा घेर वाढला असून दुपारनंतर थकवा जाणवतो आणि कामेच्छाही मंदावली आहे. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन 340 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) 38 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांच्या मते इस्ट्रोजेन हे बायकांचे संप्रेरक असून पुरुषाच्या अंगात ते जितके कमी तितके चांगले, म्हणून त्यांनी ते कमी करणारी अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी सुचवली आहे. ती मी अजून घेतलेली नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1:
गोळी घेतली नाहीत, हे फार बरे केलेत. मी याच विषयाचा डॉक्टर आहे आणि असे रुग्ण मला वरचेवर भेटतात. पुरुषांसाठी इस्ट्राडायोलची मर्यादा साधारण 10 ते 40 धरतात, त्यामुळे आपला आकडा मर्यादेतच आहे. पुरुषाच्या शरीरातले बहुतेक इस्ट्राडायोल टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. हे रूपांतर करणारे अ‍ॅरोमाटेज हे विकर चरबीत भरपूर असते, म्हणून पोट सुटले की रूपांतरही वाढते.

हे संप्रेरक पुरुषाला लागतेच. 1994 साली अमेरिकेतील 28 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याच्या पेशी जनुकीय दोषामुळे इस्ट्रोजेनला दादच देत नव्हत्या. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याची हाडे ठिसूळ होती, आणि उंची 204 सेंटिमीटर झाली तरी हाडांची टोके न जुळल्याने तो वाढतच होता. पुढे 2013 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी निरोगी पुरुषांचे स्वतःचे संप्रेरक औषधाने थांबवून त्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल दिले आणि काहींना सोबत अ‍ॅनास्ट्रोझोलही दिले, तेव्हा असे दिसले की स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असली, तरी इस्ट्रोजेन घटल्याने चरबी वाढते आणि कामेच्छाही उतरते. म्हणजे आपल्या ज्या तक्रारी आहेत, त्याच या गोळीने वाढण्याचा संभव आहे.

उत्तर 2:
मी हीच चूक केली आहे, म्हणून कळकळीने लिहितो. कोणाच्या तरी सांगण्यावरून मी ती गोळी तीन महिने घेतली. दुसऱ्या महिन्यात सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरली, तर बोटे मिटत नसत, आणि जिना उतरताना गुडघे धरत. डॉक्टरांनी गोळी बंद करायला लावल्यावर सांधे हळूहळू मोकळे झाले.

उत्तर 3:
मी प्रयोगशाळेत काम करतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरते, त्यामुळे नमुना सकाळी उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी द्यावा. पुरुषांतील इस्ट्राडायोल इतके थोडे असते की नेहमीच्या पद्धतीने केलेल्या तपासणीत आकडा चुकू शकतो. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीची तपासणी अधिक भरवशाची. आपण नमुना किती वाजता दिला होता?

उत्तर 1 चे लेखक पुन्हा:
हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सोबत थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि यकृताची तपासणीही करावी, आणि झोपेत घोरणे, मद्यपान किंवा चालू औषधे यांविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. स्तनाग्रामागे गाठ किंवा दुखरेपणा असेल, तर मात्र थांबू नये.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. नमुना कार्यालयातून परतताना, दुपारी चार वाजता जेवणानंतर दिला होता. गाठ वा दुखणे नाही, मात्र मी जोरात घोरतो, असे पत्नी कित्येक महिने सांगत आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी पुन्हा नमुना देत आहे.