मदत हवी आहे: कॉलेजच्या ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला जुने अंक पाहायला मिळतात का?

पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात ‘विविधज्ञानविस्तार’ या जुन्या मराठी मासिकाचे 1890 ते 1895 चे बांधीव खंड आहेत. घरी न्यायचे नाहीत, तिथेच बसून चार लेख पाहायचेत. मी त्या कॉलेजचा माजी विद्यार्थी नाही, पीएच.डी.ला नोंदणीही नाही, त्यामुळे मार्गदर्शकाचं पत्र आणता येत नाही. गाडी नेमकी तिथेच अडली आहे.

आतापर्यंत केलेलं: ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) शोधून खंडांचे दाखल अंक (ग्रंथालयाचे नोंद क्रमांक) टिपून घेतले. काउंटरवर आधार कार्ड दाखवलं, तर ‘संस्थेचं पत्र आणा’ एवढंच उत्तर मिळालं. ग्रंथपालांना ईमेल केला, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. नेटवरच्या स्कॅनमध्ये मला हवी ती पानं गायब आहेत किंवा बांधणीत अक्षरं दबली आहेत. शहरातल्या दोन सार्वजनिक ग्रंथालयांतही हेच खंड नाहीत.

अनामत भरायची तयारी आहे. जमतं फक्त शनिवारी. कागद ठिसूळ असणार, म्हणून झेरॉक्स नकोच (काचेवर खंड दाबला की पाठ उलते); फ्लॅशशिवाय मोबाइलने फोटो घेऊ दिले तरी पुरे. माहिती अधिकाराचा अर्ज कृपया सुचवू नका, त्याने फक्त संबंध बिघडतील.

ज्यांनी अशी परवानगी मिळवली आहे त्यांना विचारायचंय: अर्ज ग्रंथपालांच्या नावे करायचा की प्राचार्यांच्या? आणि संस्थेच्या पत्राऐवजी सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालाचं शिफारसपत्र चाललं का?