‘ट्रू डिटेक्टिव्ह’ फॅन आर्ट: पिवळं चिन्ह नक्की कुठलं?

प्रश्न: ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या अमेरिकन गुन्हे-मालिकेच्या पहिल्या सीझनवरचं (२०१४) चित्र आहे. त्यातल्या डिटेक्टिव्ह रस्टच्या डोक्यामागे शिंगं, वर काळे तारे आणि दोन सूर्य, खाली तळं, छातीवर तीन फाट्यांचं पिवळं चिन्ह. यातलं मालिकेतलं किती?

प्रतिसाद १: शिंगं मालिकेतलीच, खून झालेल्या डोरा लँगच्या मृतदेहावरची. काळे तारे मालिकेतही आहेत आणि लेखक रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’ या कथासंग्रहातही (१८९५). दोन सूर्य मात्र पुस्तकातले.

चिन्हाशी सगळे फसतात. पिवळं चिन्ह चेंबर्सच्या पुस्तकातलं, पण त्याने त्याचा आकार कुठेच सांगितलेला नाही. तीन फाट्यांचं रूप केव्हिन रॉसने ‘कॉल ऑफ कथुलू’ या रोल-प्लेइंग गेमसाठी काढलं, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. मालिकेतली खूण वेगळी: डोराच्या पाठीवरचा सर्पिल. तेव्हा चित्रकार बहुधा गेमवाला, आणि त्या चिन्हावरून खुनाचा उलगडा शोधणं फुकट.

प्रतिसाद २: तळ्याकडेही बघा. मालिकेत आणि चेंबर्सकडे येणारं कार्कोसा हे काल्पनिक शहर मूळचं लेखक अँब्रोस बिअर्सचं (१८८६), पण त्याच्या कथेत हाली हे माणसाचं नाव आहे. हालीचं तळं केलं चेंबर्सने. म्हणून तळं दिसलं की चेंबर्स धरा; नुसतं भग्न शहर आणि थडगी असतील तर बिअर्स.

प्रश्नकर्ता: आणि सर्पिलाभोवती बर्फ असेल तर?

प्रतिसाद १: मग चौथा सीझन (२०२४), अलास्का. तिथेही सर्पिल आहे, पण त्याला चेंबर्सचा पिवळा राजा (‘किंग इन यलो’) चिकटवू नका.