झाडीपट्टीचं नाटक: गावानं बसवायचं की वडशाहून आणायचं?

बांधावरचा
यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेला, आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) गावात नाटक झालं, पण गावातल्या एकाही माणसानं तोंडाला रंग लावला नाही. मंडळानं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपनीला इसार दिला, मंडप टाकला, तिकिटं विकली. झालं गावाचं काम. आधी धानाची रोवणी आटोपली की तालमीची बोलणी सुरू व्हायची. गुरुजी, कोतवाल, बारावी शिकलेली पोरं, सगळे एकाच नाटकात. बाईचं काम तेवढं बाहेरची नटी करायची. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) भांडणारे दोघं रंगमंचावर बाप-लेक होऊन उभे राहायचे. कंपनीचं नाटक जरूर पाहावं, पण गाव नुसतं गिऱ्हाईक होऊन राहू नये. एखाद्या वर्षाआड तरी स्वतःचं नाटक बसवावं.

ऑर्गनवाला
दादा, मी कंपन्यांत ऑर्गन वाजवतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आज हे गाव, उद्या ते. रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत बसून असतो, आणि त्यावरच माझं घर चालते. नट, तबलजी, पडदेवाले, गाडीवाले, वडशात कितीतरी चुली या हंगामावर पेटतात. हे सगळं लोक तिकीट काढतात म्हणून उभं आहे. २०२० मध्ये कोरोनानं नाटकं थांबली, तेव्हा आमच्यातले कितीतरी मजुरीला गेले. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. हौशी मंडळाच्या दोन रात्रींवर कलाकार जगत नाही.

शाळेतल्या बाई
"बाईचं काम तेवढं बाहेरची नटी करायची" हे तुम्ही सहज लिहून गेलात. बाहेरचीच का? गावाच्या नाटकात गावची लेक कधी नव्हती. ज्या नटीला टाळ्या द्यायच्या, तिला सून म्हणून घरात घ्यायला कोणी तयार नसायचं. कंपन्यांनी निदान बायकांना पगाराचं काम दिलं. पण मध्येच गाणी घुसवून नाचाची फर्माईश होते, शिट्ट्या वाजतात, आणि ते सहन करून त्याच बाईला पुढच्या प्रवेशात आईचं दुःख उभं करावं लागते. त्याबद्दल कंपनी बोलत नाही, मंडळही बोलत नाही.

बांधावरचा
बाई, तुमचं म्हणणं पटलं. म्हणूनच गावाच्या नाटकात गावच्या मुली हव्यात. दुसरं असं, की कंपनीला एकच नाटक पन्नास गावांत खपवायचं असते. म्हणून कुंकू, बहीण, सावकार फिरून फिरून तेच. २०२१ पासून गडचिरोलीत हत्ती आले, उभा धान तुडवला. ब्रह्मपुरीकडे वाघाच्या भीतीनं बाया सरपणाला जायला धजत नाहीत. हे नाटकात कोण आणणार?

मंडळाचा खजिनदार
तुमच्या गोष्टी चांगल्या आहेत न बाप्पा, पण हिशेब आम्हाला द्यावा लागते. २०१४ मध्ये शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, बंदी आली, तेव्हा पटाची गर्दी गेली. नाटकानंच माणसं जमवली. २०२१ च्या शेवटी कोर्टानं परवानगी दिली, आता पट अन् नाटक दोन्ही होते. तिकिटाच्या पैशातून देवळाचं काम झालं. गावच्या पोराचं नाटक पाहाले कोण तिकीट काढते? अन् पोरं आहेत कुठं? पुण्याला, हैदराबादला. महिनाभर तालमीला कोण थांबन?

ऑर्गनवाला
तालमीचं म्हणाल तर पावसाळ्यात मी रिकामाच असतो. रोवणी झाल्यावर गणपतीत एक अंक बसवा, पेटी घेऊन येतो. गाडीभाडं तेवढं द्या.

शाळेतल्या बाई
माझ्या दोन माजी विद्यार्थिनी काम करायला तयार होतील, घरच्यांशी मी बोलते. हत्तीचं नाटक लिहिणार कोण?

मंडळाचा खजिनदार
गणपतीत करा, मंडप मंडळ देईन. मंडईच्या रात्री मात्र वडशाचीच कंपनी येईन.

बांधावरचा
पहिला प्रवेश मी लिहितो. आठ दिवसांत बाईंच्या शाळेत बसून वाचू.